कमाई तांब्याची, सारा चांदीचा

१८४० च्या दशकातला एक चिनी शेतकरी डोळ्यांसमोर आणू. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात त्याची थोडीशी भातशेती आहे. भात विकून त्याच्या हातात येतात तांब्याची नाणी. गोल, मधोमध चौकोनी भोक, दोरीत ओवलेली. हजार नाण्यांची एक माळ. खांद्यावर टाकली तर साडेतीन-चार किलोचं ओझं होतं. बाजारहाट, मजुरी, लग्नकार्य, सगळं याच नाण्यांत चालतं. सरकारी सारा मात्र ठरलेला आहे चांदीत.

चांदीचं माप ल्यांग. एक ल्यांग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, आपले सव्वातीन तोळे म्हणा. या शेतकऱ्याच्या आजोबांच्या काळी एका ल्यांगला हजाराच्या आसपास नाणी पडायची. १८३८ मध्ये बादशहापुढे गेलेल्या एका अर्जात हा भाव १,६०० च्या वर गेल्याची तक्रार आहे. १८४० चं दशक संपता संपता तो २,००० च्या पुढे सरकला. भाताचा भाव काही तसा चढला नाही. म्हणजे शेत तेवढंच, पीक तेवढंच, दप्तरातला साऱ्याचा आकडाही तोच, आणि तरीही सारा भरायला पूर्वीच्या दुप्पट भात विकावा लागतोय.

सारा दुप्पट करण्याचा हुकूम बीजिंगच्या दरबारातून कधी निघालाच नाही. चांदी देशाबाहेर चालली होती, त्यामुळे ती महागली होती. बाहेर जाण्याचं एक मोठं कारण अफू, आणि त्या अफूतला मोठा वाटा माळव्यातून, शिंदे-होळकरांच्या मुलखातून निघून मुंबईच्या बंदरावाटे जात होता. त्या शेतकऱ्याला यातलं काहीच ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला दिसत होता तो फक्त वसुलीचा कारकून.

घराणी का बुडतात, याचं जुन्या चिनी बखरकारांचं उत्तर ठरलेलं असे: राजा नीतीने वागेना, म्हणून स्वर्गाने त्याच्याकडून राज्याचा हक्क काढून घेतला. मला हे उत्तर अपुरं वाटतं. विलासी राजे, कारस्थानी खोजे, लाचखाऊ मंत्री हे घराणं ऐन भरात असतानाही होतेच की. प्रश्न त्याहून रोकडा होता. सारा कशात घ्यायचा? धान्यात, नाण्यांत, मिठाच्या भावात, कागदात की चांदीत? ज्या घराण्याला जे वसूल करायला सोपं गेलं ते त्याने धरलं, आणि बहुतेकांना फटका बसला तो तिथूनच.

तांदूळ दक्षिणेत, सैन्य उत्तरेत

नकाशा समोर ठेवला की निम्मं कोडं सुटतं. चीनच्या उत्तरेला कोरडा, थंड गवताळ मुलूख. तिथून शतकानुशतकं घोडेस्वार खाली उतरायचे: श्योंगनू, खितान, मंगोल, मांचू. म्हणून फौज उत्तरेला ठेवावी लागे आणि राजधानीही बहुधा तिथेच. पुढे पुढे धान्याचं मुख्य कोठार मात्र दक्षिणेकडे, यांगत्सेच्या खोऱ्यात सरकलं. मोठ्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेला वाहणाऱ्या, त्यामुळे तांदूळ उत्तरेला नेणारी आयती वाट नाही. गाड्यांनी न्यावा, तर बराचसा वाटेतच माणसं आणि जनावरं खाऊन टाकणार.

सुई घराण्याच्या यांग बादशहाने ६०५ ते ६१० या काळात लाखो माणसं जुंपून नवे कालवे खणले, जुने त्यांना जोडले आणि दक्षिणोत्तर जलमार्ग उभा केला. त्यातच कोरियावर तीन मोहिमा काढल्या. लोक मेटाकुटीला आले आणि ६१८ मध्ये, जेमतेम ३७ वर्षांत, घराणं संपलं. त्याने खणलेल्या कालव्यावर पुढचं तांग घराणं जवळपास तीनशे वर्षं जेवलं.

जेवलं हा शब्द मी विचार करून वापरला आहे. ७५५ मध्ये आन लूशान या सेनापतीने तांग दरबाराविरुद्ध बंड केलं. ते मोडायला आठ वर्षं लागली, आणि त्यानंतर ईशान्येच्या प्रांतांतले सुभेदार सारा पाठवेनासे झाले. दरबार उरलेल्या दक्षिणेवर जगू लागला. ७८६ मध्ये राजधानी चांगआनची कोठारं रिकामी पडली. खुद्द बादशहाच्या पलटणीतले शिपाई डोक्याची फडकी काढून भर रस्त्यात ओरडू लागले, की आम्हाला फौजेत अडकवून ठेवता आणि शिधा देत नाही, आम्ही काय गुन्हेगार आहोत? बंड होणार हे दिसतच होतं. तेवढ्यात दक्षिणेहून तीस हजार मापं तांदूळ जवळच्या ठाण्यावर पोचल्याची वर्दी आली. दझोंग बादशहा लगबगीने युवराजाकडे गेला आणि म्हणाला, ‘तांदूळ आला. आपण बापलेक वाचलो.’

आशियातल्या सगळ्यात मोठ्या राज्यांपैकी एकाचा धनी हे बोलतोय. तांग काळ म्हटलं की कविता, रेशीम, मातीचे रंगीत घोडे आठवतात. त्या सगळ्याच्या तळाशी कालव्यातून येणारी ही तांदळाची होडी होती.

मिठाची सोय

मीठ सगळ्यांना लागतं आणि ते सगळीकडे होत नाही. समुद्रकाठ, खारी तळी, सिचुआनमधल्या खाऱ्या पाण्याच्या खोल विहिरी, अशा मोजक्या जागा. तिथे पहारा बसवला की साऱ्या देशाकडून कर वसूल होतो. गावोगाव फिरायला नको, जमीन मोजायला नको. हा कर गरिबाला किती बोचतो, हे शिरोड्याचा आणि वडाळ्याचा सत्याग्रह माहीत असलेल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

हान घराण्याला मिठाची किंमत अनुभवाने कळली. सुरुवातीला त्यांनी खाजगी लोकांना नाणी पाडायची मोकळीक दिली होती. वू संस्थानचा राजा लिऊ बी याच्या मुलखात तांब्याचे डोंगर होते आणि समुद्रकिनाराही. त्याने नाणी पाडली, मीठ उकळलं, आणि एवढा पैसा जमवला की प्रजेवरचा कर माफ करून तिला आपल्या बाजूला वळवलं. इ. स. पू. १५४ मध्ये आणखी सहा संस्थानिकांना घेऊन तो बादशहाविरुद्ध उभा राहिला. काही महिन्यांत बंड मोडलं, पण टाकसाळ आणि मिठागर दुसऱ्याच्या हातात ठेवलं तर काय होतं, ते दरबाराला कळून चुकलं.

पुढचा वूदी बादशहा श्योंगनूंशी वर्षानुवर्षं लढला आणि तिजोरी आटली. इ. स. पू. ११७ मध्ये त्याने मीठ आणि लोखंड या दोन्हींचा धंदा सरकारच्या ताब्यात घेतला. यामागचा मोठा मेंदू सांग होंगयांग, लोयांगच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, तोंडी हिशोबात इतका तरबेज की तेराव्या वर्षी राजवाड्यात नोकरीला लागला होता. वूदीच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ८१ मध्ये, या मक्तेदारीवर दरबारात जाहीर वाद झाला. विद्वान म्हणाले: सरकारी लोखंडाची अवजारं बोथट आणि महाग आहेत, शेतकऱ्यांचे हाल होतात, सरकारने प्रजेशी दुकानदारी करू नये. सांगचा उलटा सवाल होता: मग सीमेवरच्या शिपायाला खायला कोण घालणार? दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच चीनमध्ये हा वाद पुढे दोन हजार वर्षं मिटला नाही.

तांगांनी हीच युक्ती आन लूशानच्या बंडाच्या काळात उचलली. ७५८ मध्ये मिठाचा भाव एका मापाला १० नाण्यांवरून एकदम ११० वर नेला. मग लिऊ यान या हुशार अधिकाऱ्याने पद्धत आणखी सोपी केली. मिठागरावरच व्यापाऱ्यांना करासकट घाऊक मीठ विकायचं, पुढे त्यांनी कुठेही न्यावं. ७७९ च्या सुमारास दरबाराचं निम्मं उत्पन्न एकट्या मिठातून येत होतं. बंडाने खिळखिळं झालेलं राज्य यानंतर सव्वाशे वर्षं टिकलं ते यामुळेच, असं मी म्हणेन.

आता त्या ११० नाण्यांकडे पाहा. दहाची वस्तू एकशे दहाला विकायची, तर मधल्या शंभरावर चोरट्यांची नजर जाणारच. सरकारने चोरट्या मिठाला देहदंड ठेवला. त्यामुळे भेकड लोक धंद्यातून गेले, उरले ते हत्यारबंद आणि संघटित. त्यांना आडवाटा ठाऊक, होड्या त्यांच्याकडे, गावोगाव माणसं पेरलेली, आणि स्वस्त मीठ देतात म्हणून गरिबांचा पाठिंबाही. शानतुंगकडचा हुआंग चाओ हा असाच मिठाच्या चोरट्या व्यापारातला माणूस. सरकारी परीक्षाही दिली होती त्याने, नापास झाला. ८७० च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा त्याची टोळी फौज बनली. ८७९ मध्ये तो दक्षिणेच्या टोकाला ग्वांगझौ (इंग्रजांचं कँटन) लुटून परत फिरला आणि ८८१ च्या सुरुवातीला चांगआनमध्ये शिरला. बादशहा सिचुआनला पळाला. हुआंग चाओ पुढे मारला गेला, पण ९०७ मध्ये ज्याने तांग घराण्याचा शेवट केला तो झू वेन मूळचा त्याच्याच टोळीतला.

ज्या कराने घराणं तारलं, त्याच कराने त्याला बुडवणारी माणसं पोसली. युआन या मंगोल घराण्याच्या अखेरीला हेच पुन्हा दिसतं. मंगोलांविरुद्ध उठलेल्या पुढाऱ्यांपैकी झांग शिचेंग आणि फांग ग्वोझेन हे दोघेही मिठाच्या धंद्यातले.

कागद

सुंग घराण्याकडे (९६० ते १२७९) पैसा होता, घोडे नव्हते. घोड्यांची कुरणं उत्तरेला शत्रूच्या हातात. म्हणून सिचुआनचा चहा देऊन तिबेटी टोळ्यांकडून घोडे घ्यायचे, त्यासाठी खास खातंच काढलं होतं. आणि उत्तरेच्या खितानांना १००५ च्या तहाने दरवर्षी एक लाख ल्यांग चांदी आणि दोन लाख ठाण रेशीम द्यायचं. याला नाचक्की म्हणणारे तेव्हाही होते. मला तो शहाणपणाचा सौदा वाटतो. लढाईचा खर्च याच्या कितीतरी पट होता, आणि दिलेली चांदी खितान लोक सुंगांकडूनच माल विकत घेऊन बरीचशी परत करत.

व्यापार एवढा वाढला की १०८० च्या सुमारास टाकसाळी वर्षाला ५० लाख माळा, म्हणजे पाचशे कोटी नाणी पाडत होत्या. तरीही नाणी पुरेनात. सिचुआनमध्ये तर तांबं नव्हतंच, तिथे लोखंडी नाणी चालत. एका तांब्याच्या नाण्याला दहाच्या आसपास लोखंडी. चार मीटर रेशीम घ्यायला जाताना नाण्यांसाठी हमाल करावा लागेल, अशी अवस्था. म्हणून चेंगदूच्या व्यापाऱ्यांनी लोकांची नाणी ठेवून घेऊन कागदी पावत्या द्यायला सुरुवात केली. पावत्याच हातोहात फिरू लागल्या. १०२४ मध्ये सरकारने हे काम स्वतःकडे घेतलं. जगातला पहिला सरकारी कागदी पैसा तो हाच.

कागदाचं गणित सोपं आहे. पेढीत जेवढी नाणी आहेत त्याच्या बेताने पावत्या छापल्या, आणि पावती घेऊन येणाऱ्याला नाणी मिळाली, तोवर कागद नाण्याइतकाच खणखणीत. पण लढाई सुरू झाली की छापणारा हात थांबत नाही. दक्षिण सुंगांनी मंगोलांशी लढताना तेच केलं. मंगोलांनी चीन जिंकल्यावर तेही त्याच वाटेने गेले. कुबलाई खानाने १२६० मध्ये काढलेल्या नोटा सुरुवातीला नीट चालल्या. तुतीच्या सालीपासून केलेला कागद सोन्यासारखा स्वीकारला जातो, याचं मार्को पोलोला केवढं नवल वाटलं होतं. १३५० नंतर पीतनदीचा बंधारा, त्यावरचे दीड लाख वेठबिगार, दुष्काळ, बंडं हे सगळं एकाच वेळी अंगावर आलं. दरबाराने नोटा छापून खर्च भागवला, आणि लोक पुन्हा वस्तूला वस्तू देऊ लागले.

या कागदी पैशाची कीर्ती आपल्याकडेही पोचली होती. दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवणारा मुहम्मद तुघलक १३२९-३० च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी काढतो, तेव्हा त्याच्यापुढे चीनचं उदाहरण होतं असं बरेच इतिहासकार मानतात. लोकांनी घरोघरी तसलीच नाणी पाडली आणि सुलतानाला ती परत घ्यावी लागली.

मिंग घराण्याची १३७५ पासूनची एक माळ किमतीची नोट आजही संग्रहालयांत पाहायला मिळते. आपल्या नोटेच्या कल्पनेपेक्षा ती फारच मोठी आहे, सुमारे ३४ सेंटिमीटर उंच, २२ रुंद. करडा, जाडसर तुतीचा कागद, भोवती नागांची नक्षी. मधोमध चित्र काढलंय नाण्यांच्या माळांचं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ही नोट कितीची ते कळावं. खाली मजकूर आहे: नोट नकली करणाऱ्याचा शिरच्छेद होईल, आणि त्याला पकडून देणाऱ्याला २५० ल्यांग चांदी, शिवाय गुन्हेगाराची मालमत्ता मिळेल.

यात एक गोष्ट फार बोलकी आहे. नोट खरी माना असं सांगणारं सरकार बक्षीस जाहीर करतंय ते चांदीत. या नोटेच्या बदल्यात सरकार नाणी किंवा चांदी देत नव्हतं, आणि छापण्याला मर्यादाही नव्हती. १३९४ मध्ये दक्षिणेच्या काही प्रांतांत हजार नाण्यांची ही नोट १६० ला जात होती. पुढच्या शतकाच्या मध्यापर्यंत तिला कोणी विचारेनासं झालं. सरकारने चांदीच्या देवघेवीवर बंदी घातली होती, ती कोणी पाळेना. शेवटी १४३६ मध्ये दरबारानेच दक्षिणेतला काही धान्यसारा चांदीत घ्यायला सुरुवात केली.

चांदीची खाण दुसऱ्याच्या मुलखात

इथे चीनच्या इतिहासाने मोठं वळण घेतलं, आणि ते फारसा गाजावाजा न होता घेतलं.

तांबं, मीठ, कागद या तिन्हींवर सरकारचा हात चालत होता, चांगला किंवा वाईट. चांदीवर तो चालत नव्हता. चीनमध्ये चांदीच्या खाणी थोड्याच होत्या. सरकारने चांदीची नाणीही पाडली नाहीत. ती चालायची तुकड्यांत: होडीच्या किंवा खुराच्या आकाराचे गोळे, गरजेप्रमाणे कात्रीने कापायचे, छोट्या तराजूत तोलायचे, कस डोळ्याने पाहायचा. प्रत्येक मोठ्या व्यवहाराला सराफ हवा. साऱ्याची सुटी चांदी वितळवून सरकारी लगड ओतताना घट येते, ती भरून काढायला कारकून शेतकऱ्याकडून वरकड घेत. घट असे थोडीशी, वरकड त्याच्या कितीतरी पट. चांदीतल्या साऱ्याने गावच्या कारकुनाला हे एक कायमचं कुरण मिळवून दिलं.

तरीही चांदी सोयीची होती. शेकडो प्रकारचे कर, वेठबिगारी, वस्तूंची वसुली या गुंत्यातून एकच चांदीतली रक्कम काढायची, हे काम सोळाव्या शतकात प्रांतोप्रांती हळूहळू झालं. १५८१ पर्यंत झांग जूझेंग या कर्तबगार मंत्र्याने ते जवळपास देशभर लागू केलं. आणि नेमक्या याच काळात जगाची चांदी चीनकडे धावत होती. १५४५ मध्ये पेरूच्या मुलखात पोतोसीचा चांदीचा डोंगर सापडला होता. जपानमध्ये इवामीच्या खाणी जोरात होत्या. १५६७ मध्ये मिंगांनी समुद्री व्यापारावरची बंदी सैल केली, १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला वसवलं, आणि मेक्सिकोहून चांदी भरलेली जहाजं तिथे येऊ लागली. दुसरी वाट गोव्यावरून जायची. गोव्याहून निघालेलं मोठं पोर्तुगीज गलबत मकावला रेशीम चढवायचं, नागासाकीला ते जपानी चांदीच्या बदल्यात विकायचं, आणि चांदी घेऊन मकावला परतायचं. गोव्याच्या भरभराटीत या फेरीचा वाटा मोठा होता.

चांदी येत होती तोवर सगळं सुरळीत. पण १५९२ ते १५९८ ही वर्षं कोरियात जपान्यांशी लढण्यात गेली, १६१८ पासून ईशान्येला मांचू उठले, आणि मिंग दरबाराने शेतसाऱ्यावर जादा पट्टी बसवली. १६२० पर्यंत ती वर्षाला ५२ लाख ल्यांगवर गेली. पुढे बंडखोरांशी लढायला दुसरी, फौजेच्या कवायतीसाठी तिसरी. त्याच वर्षांत हवामान थंड आणि कोरडं झालं, उत्तरेत दुष्काळामागून दुष्काळ पडले. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना बंदी केली, मनिलाच्या व्यापारालाही धक्का बसला. चांदीचा हा तुटवडाच मिंगांच्या पतनाचं मुख्य कारण होता का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. मला दुष्काळ आणि जादा पट्ट्या यांचा भार अधिक वाटतो. पण सारा चांदीत असल्यामुळे दुष्काळी शेतकऱ्याला ‘धान्य नाही’ यापुढे ‘चांदीही नाही’ हे दुसरं संकट सोसावं लागलं, हे नक्की.

खर्च वाचवायला दरबाराने १६२९ च्या सुमारास सरकारी टपालाच्या चौक्या कमी केल्या. शेन्शी प्रांतात, जिथे दुष्काळ सगळ्यात कडक होता, त्या चौक्यांवरचे हरकारे बेकार झाले. त्यांतला एक ली झिचेंग. तो बंडखोरांना जाऊन मिळाला, हळूहळू त्यांचा पुढारी झाला, आणि १६४४ च्या एप्रिलमध्ये बीजिंगच्या दारात उभा राहिला. चोंगझेन बादशहाने त्याआधी फौजेच्या थकलेल्या पगारासाठी मंत्र्यांकडे, नातलगांकडे अक्षरशः पदर पसरला होता. खुद्द सासऱ्याने हात आखडता घेतला. शहर पडलं त्या दिवशी बादशहाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. मग लीच्या माणसांनी त्याच मंत्र्यांना आणि त्याच सासऱ्याला छळून घराघरांतून चांदी बाहेर काढली. फौजेला पगार देता आला असता इतकी ती होती.

लीला राज्य लाभलं नाही. काही आठवड्यांत मांचू आले आणि चिंग घराणं सुरू झालं.

माळवा, मुंबई, कँटन

चिंगांनी पहिली दीडशे वर्षं कारभार नेटका चालवला. १७१२ मध्ये कांगशी बादशहाने डोईपट्टीचा आकडा कायमचा गोठवला, त्याच्या मुलाने तो शेतसाऱ्यात मिसळला आणि कारकुनांच्या वरकडीलाही नियम लावला. चांदी पुन्हा येत होती, कारण इंग्रजांना चहा हवा होता आणि त्या बदल्यात चीनला चांदीशिवाय फारसं काही नको होतं.

इंग्रजांनी ही कोंडी फोडली अफूने. बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्त्यात. माळव्याची तशी नव्हती. उज्जैन-इंदूरचे सावकार ती विकत घेत. कंपनीने अडवायचे प्रयत्न केले, तेव्हा माल वाळवंटातून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जाऊ लागला. अखेर १८३१ मध्ये कंपनीने नाद सोडला आणि मुंबईवाटे जाणाऱ्या पेट्यांवर नुसती फी घ्यायचं ठरवलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच काळातल्या कापूस आणि अफूच्या चीन व्यापारातून उभी राहिली. त्यांच्या घराण्याच्या दानातून मुंबईला जे. जे. रुग्णालय मिळालं, माहीमचा कॉजवे मिळाला. आपण रोज वापरतो त्या मुंबईच्या पायात चिनी चांदी आहे. हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं असं मला फार वाटतं.

१८३८-३९ पर्यंत वर्षाला ४०,००० च्या आसपास पेट्या चीनला जात होत्या, एकेक पेटी साठ-पासष्ट किलोची. त्याआधीच मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतली चांदीही स्वातंत्र्ययुद्धांमुळे कमी निघू लागली होती. दोन्ही बाजूंनी चीनमधली चांदी आटली. सुरुवातीला पाहिलेल्या शेतकऱ्याचा सारा दुप्पट झाला तो असा. मिठावर कर चढवला तर भाव उतरवणं राजाच्या हातात तरी असतं. चांदीचा भाव बीजिंगमध्ये ठरत नव्हता.

१८३९ मध्ये बादशहाने अफू थांबवायला पाठवलेल्या लिन झेशू या अधिकाऱ्याने २०,००० हून अधिक पेट्या चुना आणि मीठ कालवून समुद्रात सोडल्या. इंग्रजांशी लढाई झाली. १८४२ च्या जुलैमध्ये इंग्रजांनी झेनजियांग घेतलं. हे शहर यांगत्से आणि मोठा कालवा जिथे एकमेकांना छेदतात तिथे आहे. बीजिंगचा तांदूळ तिथून जातो. पुढच्याच महिन्यात तह झाला. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या होडीने बापलेक वाचले होते, ती होडी कुठे अडवायची हे परक्यांना बरोबर कळलं होतं.

तहाने २ कोटी १० लाख डॉलरचा दंड लादला. १८५१ मध्ये तायपिंग बंड उसळलं, चौदा वर्षांत किमान दोन कोटी माणसं मेली. दरबाराकडे पैसा नव्हता, म्हणून प्रांतांच्या अधिकाऱ्यांना स्वतः फौजा उभारायला आणि वाटेवरच्या मालावर नवी जकात घ्यायला परवानगी दिली. बंड मोडलं, पण जकातीची नाकी आणि फौजा प्रांतांकडेच राहिल्या, तांगांच्या सुभेदारांसारख्या.

१८९५ मध्ये, हरलेल्या युद्धापोटी, जपानला २३ कोटी ल्यांग द्यायचे ठरले. १९०० मध्ये, परक्यांविरुद्धच्या बॉक्सर बंडाच्या वेळी, आठ परकी फौजांनी बीजिंग घेतलं आणि पुढच्या वर्षी दंड ठरवला ४५ कोटी ल्यांग, ३९ वर्षांत व्याजासह फेडायचा. सरकारचं वर्षाचं उत्पन्न तेव्हा दहा कोटींच्या आसपास होतं. तारण म्हणून बंदरांवरची जकात लिहून दिली, आणि मिठाचा कर. सांग होंगयांगने सीमेवरच्या शिपायासाठी राखलेला तोच मिठाचा कर.

पुढचं लवकर झालं. सिचुआनच्या लोकांनी, अगदी शेतकऱ्यांनीही, रेल्वेसाठी पैसे घातले होते. मे १९११ मध्ये दरबाराने परकी बँकांच्या कर्जासाठी ती रेल्वे सरकारजमा केली. लोक खवळले. त्यांना आवरायला शेजारच्या हूबे प्रांतातून पलटणी हलवल्या, तेव्हा मागे राहिलेल्या शिपायांनी १० ऑक्टोबरला वूचांगमध्ये बंड केलं. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांच्या पू यी बादशहाच्या वतीने राजत्यागाची घोषणा झाली. त्या बदल्यात नव्या प्रजासत्ताकाने त्याला राजवाड्यात राहू द्यायचं आणि वर्षाला ४० लाख ल्यांग चांदी द्यायचं कबूल केलं. ही रक्कम त्याला क्वचितच पूर्ण मिळाली.